पहिल्या बाटलीला की आठव्या? केमोच्या रिअ‍ॅक्शनबद्दल सविस्तर

"केमोची अ‍ॅलर्जी आहे" हे वाक्य हल्ली मला फार खटकतं. आमच्या बडोद्यात, मराठी घरांत काय आणि गुजराती शेजाऱ्यांत काय, कोणाला केमो चालू असताना अंगावर पित्त उठलं, धाप लागली, हुडहुडी भरून ताप आला, की सगळ्याला मिळून एकच नाव, तिला केमो सोसली नाही, अ‍ॅलर्जी निघाली. मग घरचे घाबरून विचारतात की आता औषध बंद करायचं का. कॅन्सरमध्ये हा प्रश्न साधा नसतो, कारण जे औषध बंद होतं ते बरेचदा सगळ्यात चांगलं काम करणारं असतं आणि त्याच्या जागी जे येतं ते दुसऱ्या नंबरचं.

माझं म्हणणं एवढंच आहे की रिअ‍ॅक्शन वरून सारखी दिसली तरी आत शरीरात जे घडतं ते औषधाऔषधाला वेगळं असतं, आणि नेमकं काय घडलं यावरच ठरतं की तेच औषध परत देता येईल का, नुसतं हळू सोडून भागेल का, की त्यासाठी वेगळी पद्धत लागेल. मी एम. एस. युनिव्हर्सिटीत बायोकेमिस्ट्री शिकले, डॉक्टर नाहीये, पण माझ्या आत्याला अंडाशयाचा कॅन्सर झाला तेव्हा तिला दोन वेगवेगळ्या औषधांच्या दोन पूर्ण वेगळ्या रिअ‍ॅक्शन आल्या, दोन्ही वेळा मी शेजारी होते, आणि तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते वाचत आलेय. आत्याला विचारूनच लिहितेय, ती म्हणाली "लिही गं, कोणाला तरी उपयोग होईल."

आधी मास्ट सेल, कारण रिअ‍ॅक्शनची गोष्ट कुठूनही सुरू झाली तरी बहुतेक वेळा या पेशीपाशी येऊन पोचते. १८७८ मध्ये पॉल एर्लिख या जर्मन संशोधकाने आपल्या प्रबंधात तिचं वर्णन केलं, आणि पुढे केमोथेरपी हा शब्द रूढ केला तोही त्यानेच. ही पेशी रक्तात फिरत नाही, ती कातडीखाली, श्वासनलिकेत, आतड्यात, रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने ठाण मांडून बसलेली असते आणि आतून डाळिंबासारखी दाण्यांनी गच्च भरलेली असते. त्या दाण्यांत हिस्टामिन असतं, ट्रिप्टेज नावाचं एन्झाइम असतं, आणखी बरंच काही असतं. पेशी एकदा चेतवली गेली की काही मिनिटांत सगळं बाहेर येतं. हिस्टामिनने रक्तवाहिन्या सैल पडतात आणि त्यांच्या भिंतीतून पाणी झिरपायला लागतं, म्हणून चेहरा लालबुंद, अंगावर पित्त, ओठ-डोळे सुजणं, बीपी खाली जाणं. श्वासनलिकेचे स्नायू आवळतात म्हणून धाप आणि छातीत सूं सूं. आतडी आवळतात म्हणून पोटात मुरडा, उलटी, एकदम संडासला लागणं. आणि दाणे बाहेर टाकून पेशीचं काम संपत नाही, ती तिथल्या तिथे प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राइन ही आणखी रसायनं तयार करायला घेते आणि श्वास आणखी आवळतो.

तर खरा प्रश्न असा की या पेशीला चेतवलं कोणी.

शाळा-कॉलेजात शिकवतात तो मार्ग आयजीई अँटीबॉडीचा. (अँटीबॉडी म्हणजे परक्या पदार्थाला ओळखून पकडणारं शरीराचं प्रथिन.) इशिझाका नवरा-बायकोने १९६६ मध्ये ही अँटीबॉडी शोधून दाखवली. हिचं काम असं की एखादा पदार्थ पहिल्यांदा अंगात आला की काहीच होत नाही, पण शरीर त्याची ओळख पटवून घेतं, त्याच्याविरुद्ध आयजीई बनवतं, आणि ती आयजीई जाऊन मास्ट सेलच्या अंगावर असलेल्या रिसेप्टरवर, म्हणजे ठरलेल्या खोबणीत, बसते, महिनोन्महिने. पुढच्या खेपेला तोच पदार्थ आला आणि त्याने शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकत्र जोडलं की पेशी उघडते. म्हणजे या मार्गाची अटच अशी की आधीची ओळख पाहिजे. आता जर एखाद्या बाईला आयुष्यातल्या पहिल्या केमोच्या पहिल्या बाटलीला, औषधाचे जेमतेम थोडे थेंब गेल्यावर रिअ‍ॅक्शन येत असेल तर ओळख कधी झाली? हा प्रश्न मला तेव्हा पडला होता, आणि उत्तर शोधताना मी चक्क एरंडाच्या शेतात जाऊन पोचले.

आत्याला पहिली रिअ‍ॅक्शन आली ती पॅक्लिटॅक्सेलची. हे औषध पॅसिफिक यू नावाच्या अमेरिकेतल्या झाडाच्या सालीत सापडलं. साल गोळा झाली १९६२ मध्ये, आणि त्यातला नेमका रेणू वेगळा काढून १९७१ मध्ये त्याची रचना जगासमोर मांडणाऱ्यांत मनरो वॉल यांच्याबरोबर मनसुख वाणी होते, जन्म नंदुरबारचा, म्हणजे आपल्या इथून सुरतमार्गे गाडीने गेलं की जे लागतं तेच नंदुरबार. मला याचा मनापासून अभिमान वाटतो आणि आपल्याकडे हे फार कमी जणांना माहीत आहे. १९७९ मध्ये सुझन हॉरविट्झ यांनी दाखवलं की हे औषध पेशीतल्या मायक्रोट्यूब्यूल नावाच्या बारीक नळ्यांना घट्ट करून ठेवतं, त्या सुटायलाच देत नाही, त्यामुळे कॅन्सरच्या पेशीला दोन तुकडे होऊन वाढता येत नाही. सगळं छान, पण एक मोठी अडचण, हा रेणू पाण्यात विरघळतच नाही. आणि जे पाण्यात विरघळत नाही ते शिरेतून द्यायचं कसं?

उपाय निघाला क्रेमोफोर ईएल. हे एरंडेल तेलावर इथिलीन ऑक्साइडची प्रक्रिया करून बनवतात. आपल्या गुजरातला एरंडेल नवीन नाही, जगात सर्वात जास्त एरंड भारतात पिकतो आणि भारतात सर्वात जास्त गुजरातमध्ये, मेहसाणा-बनासकांठाकडे गेलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एरंडाच एरंडा. आमच्या घरात आजी त्याला गुजराती लोकांसारखं दिवेलच म्हणायची. तर तेच दिवेल, रासायनिक रूप बदलून, अर्ध्याला अर्ध अल्कोहोल घालून, पॅक्लिटॅक्सेलच्या व्हायलमध्ये असतं. आणि प्रमाण बघा, दर मिलिलिटरमध्ये औषध ६ मिलिग्रॅम आणि क्रेमोफोर ५२७ मिलिग्रॅम. म्हणजे कोणाला ३०० मिलिग्रॅम पॅक्लिटॅक्सेल द्यायचं असेल तर त्याच्यासोबत २६ ग्रॅमच्या आसपास क्रेमोफोर शिरेत जातं. औषधापेक्षा वाहनच कितीतरी पट जास्त. (डे-केअरमध्ये, म्हणजे केमो देऊन त्याच दिवशी घरी सोडतात त्या विभागात, ही एकच ड्रिप काचेच्या बाटलीत आणि वेगळ्या नळीतून का देतात याचंही कारण हेच, क्रेमोफोर साध्या पीव्हीसी प्लास्टिकमधला मऊपणासाठी घातलेला पदार्थ ओढून घेतं.)

हे क्रेमोफोर रक्तात गेलं की त्याचे बारीक बारीक गोळे बनतात आणि काही लोकांच्या रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची यंत्रणा त्या गोळ्यांना जंतू समजून जागी होते. कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तात कायम तयार असलेल्या प्रथिनांची साखळी, तिला आधीच्या ओळखीची गरजच नाही, जंतूसारखा पृष्ठभाग दिसला की एक प्रथिन दुसऱ्याला तोडतं, दुसरं तिसऱ्याला, आणि त्या तोडफोडीत सी३ए आणि सी५ए असे दोन छोटे तुकडे सुटतात. हे तुकडे थेट मास्ट सेलवर जाऊन बसतात आणि तिला उघडतात. ना आयजीई, ना जुनी ओळख. म्हणूनच पहिल्याच किंवा दुसऱ्याच डोसला, आणि तेही बहुतेक वेळा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत. सगळ्याच केसेस अशाच असतात असं नाही, काही जणांच्या शरीरात टॅक्सेनच्या, म्हणजे पॅक्लिटॅक्सेलच्या गटातल्या औषधांच्या, रेणूविरुद्ध खरोखरची आयजीईसुद्धा सापडलेली आहे, पण पहिल्या बाटलीचं कोडं बरंचसं या तेलाने सुटतं.

आत्याचं अगदी असंच झालं. सकाळी सगळी इंजेक्शनं देऊन झाली, सिस्टरने काचेची बाटली लटकवली, थेंब मोजून रेट लावला आणि ती शेजारच्या बेडकडे वळते न वळते तोच आत्या म्हणाली "अगं, कमरेत कसली तरी कळ येतेय." मी तिच्याकडे पाहिलं तर गळ्यापासून कपाळापर्यंत लाल लाल चढत चाललेलं, अक्षरशः डोळ्यांदेखत. सिस्टर छोटा उदेपूरकडची होती, वयाने लहानच, तिने आधी नळीचं क्लॅम्प बंद केलं, मग डॉक्टरांना हाक मारली आणि मग आत्याला विचारलं "मासी, शुं थाय छे?" (काय होतंय?) हा क्रम मी कधी विसरणार नाही, आधी क्लॅम्प, मग बाकी सगळं. कमरेत किंवा पाठीत अचानक कळ येणं हे पॅक्लिटॅक्सेलच्या रिअ‍ॅक्शनचं अगदी खास लक्षण आहे आणि पेशंट ते सांगत नाहीत, वाटतं खुर्चीत अवघडलं असेल. कृपया सांगा.

थोड्या वेळाने, बीपी नीट झाल्यावर, आणखी औषधं देऊन तीच बाटली अगदी हळू सुरू केली आणि पूर्ण गेली. आमचे काका प्रचंड घाबरले होते, म्हणत होते अरे ज्याने त्रास झाला तेच परत कसं देताय, पण इथेच तर आतलं कारण कामाला येतं. रिअ‍ॅक्शन हलकी-मध्यम असेल तर हळू गतीने परत दिल्यावर बहुतेकांना चालतं, एकदम मोठा लोंढा आला नाही की कॉम्प्लिमेंट तेवढी पेटत नाही. अर्थात बीपी कोसळलं, श्वास बंद व्हायला आला, अशी जबर रिअ‍ॅक्शन असेल तर गोष्ट वेगळी, तिथे असं लगेच परत देत नाहीत.

१९८० च्या दशकात जेव्हा पॅक्लिटॅक्सेल पहिल्यांदा माणसांना दिलं गेलं तेव्हा या रिअ‍ॅक्शन इतक्या जबर होत्या की औषधाच्या चाचण्याच बंद पडायची वेळ आली होती. मग दोन गोष्टी केल्या, औषध २४ तास लावून हळू द्यायला लागले आणि आधी स्टेरॉइड व अँटीहिस्टामिन द्यायला लागले, आणि औषध वाचलं. १९९२ मध्ये अमेरिकेत त्याला अंडाशयाच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. आज ते साधारण तीन तासांत देतात, आणि एवढं सगळं करूनही शंभरातल्या एक-दोघांना जबर रिअ‍ॅक्शन येतेच.

ती आधीची इंजेक्शनं, ज्याला डे-केअरमध्ये सगळे प्रीमेड म्हणतात, त्यांच्याबद्दल लोकांचा बराच घोळ असतो. डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन, हे स्टेरॉइड पेशीच्या आत जाऊन जीन्सच्या पातळीवर काम करतं म्हणून त्याला वेळ लागतो, त्यामुळेच मूळ पद्धतीत ते बारा तास आणि सहा तास आधी गोळीने घ्यायला सांगितलंय. रात्री उठून गोळी घ्यायचा कंटाळा करू नका. एविल हे अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन, म्हणजे अँटीहिस्टामिन, हिस्टामिनच्या एका प्रकारच्या रिसेप्टरला अडवतं आणि ते अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन दुसऱ्या प्रकारच्या रिसेप्टरला, जे पोटात असतात तसे रक्तवाहिन्यांवरही असतात. बाजूच्या बेडवरचे एक काका "मला अ‍ॅसिडिटी नाही, हे नको" म्हणून सिस्टरशी वाद घालत होते, तर ते अ‍ॅसिडिटीसाठी नसतंच मुळी.

या सगळ्या तेलाच्या भानगडीतून सुटायला म्हणून औषध अल्ब्युमिन या आपल्या रक्तातल्याच प्रथिनाला बांधून द्यायची युक्ती निघाली, त्याला नॅब-पॅक्लिटॅक्सेल म्हणतात, २००५ मध्ये मान्यता मिळाली, त्यात क्रेमोफोर नाही आणि सहसा प्रीमेडही लागत नाही. महाग आहे, तेवढं खरं. भावंड औषध डोसेटॅक्सेल, त्यात क्रेमोफोरऐवजी पॉलिसॉर्बेट ८० असतं, रिअ‍ॅक्शन त्यानेही येतात.

आता दुसरी गोष्ट, जी पहिल्याच्या बरोबर उलटी आहे.

कार्बोप्लॅटिन. प्लॅटिनमपासून बनलेलं औषध. हे पहिल्या डोसला गरीब गाय असतं, दुसऱ्याला, तिसऱ्याला, सहाही सायकल (केमोच्या फेऱ्या) काही होत नाही, पेशंट आणि घरचे निर्धास्त होतात. मग काही वर्षांनी आजार परत उठतो, तेच औषध परत सुरू होतं, आणि सातव्या-आठव्या डोसला रिअ‍ॅक्शन. १९९९ मध्ये मॉरी मार्कमन आणि सहकाऱ्यांनी छापलेल्या आकड्यांत एकूण पेशंटपैकी १२ टक्क्यांना रिअ‍ॅक्शन आली होती, पण ज्यांना सातपेक्षा जास्त डोस मिळाले त्यांच्यात हाच आकडा २७ टक्के होता. म्हणजे हे खरंखुरं आयजीईचं, ओळखीचं काम आहे. प्लॅटिनमचा रेणू स्वतः इतका लहान की प्रतिकारशक्तीला तो दिसतही नाही, पण तो आपल्या प्रथिनांना चिकटतो आणि ते चिकटलेलं जोडकाम परकं वाटतं. मधल्या वर्षांत औषध बंद असतं पण आठवण ठेवणाऱ्या पेशी शाबूत असतात, परत सुरू केल्यावरचा पहिला डोस त्यांना जागं करतो, आयजीई भराभर वाढते, आणि पुढचा डोस जाऊन त्यावर आदळतो. म्हणून दुसऱ्या वेळचा दुसरा डोस सगळ्यात जोखमीचा.

प्लॅटिनम असं करू शकतं हे केमोच्याही आधी माहीत होतं. १९४५ मध्येच लंडनकडच्या प्लॅटिनम रिफायनरीतल्या कामगारांच्या दम्यावर लेख आला होता, प्लॅटिनमच्या क्षारांची धूळ हुंगून हुंगून त्यांना शिंका, दमा, पित्त असं सगळं व्हायचं, कामावर लागल्या लागल्या नाही, काही काळाने. आणि त्याच्याही आधी, १९०२ मध्ये, शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना टोचून बघितलं होतं, हेतू हा की थोडं थोडं देऊन त्यांना विष पचवायची सवय लागावी, पण झालं उलटंच, काही आठवड्यांनी अगदी कमी डोस दिला तरी कुत्री काही मिनिटांत दगावली. या कामासाठी रिशेंना १९१३ चं नोबेल मिळालं. अशा जीवघेण्या अ‍ॅलर्जीच्या झटक्याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात, ते नाव तिथूनचं.

आत्याचा आजार उलटला तेव्हा कार्बोप्लॅटिन परत सुरू झालं. त्या खेपेला पहिला डोस निर्विघ्न. दुसऱ्या डोसला बाटली निम्म्याहून जास्त गेली होती, मी बाहेर चहा घेऊन आले तर आत्या दोन्ही तळहात ब्लँकेटवर घासत होती. विचारलं तर म्हणाली "खाज येतेय गं नुसती, साबण बदललाय ना, त्याने असेल." तळहाताला आणि तळपायाला खाज, हे कार्बोप्लॅटिनचं तसंच खास लक्षण आहे, जसं पॅक्लिटॅक्सेलचं कमरेतली कळ. मी धावत सिस्टरला बोलावलं, ड्रिप बंद होईपर्यंत आत्याच्या पोटात मुरडा सुरू झाला होता आणि बीपी ८० वर आलं होतं. मांडीत अ‍ॅड्रेनालिन दिलं, पाय वर केले, सलाईन धडाधड सोडलं, आणि ती सावरली.

अ‍ॅड्रेनालिनबद्दल एक गोष्ट ठासून सांगते. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये पहिलं औषध तेच, मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. ते रक्तवाहिन्या आवळून बीपी वर आणतं, श्वासनलिका उघडतं आणि मास्ट सेलला आणखी दाणे सोडण्यापासून रोखतं. एविल यातलं काहीच करू शकत नाही, ते फक्त हिस्टामिनला अडवतं आणि तेही हिस्टामिन आपलं काम करून मोकळं झाल्यावर. हायड्रोकॉर्ट या स्टेरॉइडला तर तासन्‌तास लागतात. एविल आणि हायड्रोकॉर्ट देऊन बघूया आणि मग ठरवू, असं खऱ्या अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये चालत नाही.

त्यानंतर जो कागद आमच्या हातात आला त्यावर लिहिलं होतं, केमोची अ‍ॅलर्जी. बस. औषधाचं नाव नाही, कितव्या डोसला ते नाही, कितव्या मिनिटाला ते नाही, लक्षणं कोणती ते नाही. या एका ओळीमुळे पुढे ज्यांच्याकडे गेलो तिथे पहिला निर्णय असा झाला की दोन्ही औषधं बंद. नंतर ज्या डॉक्टरांना भेटलो त्यांनी मात्र पहिल्यांदाच विचारलं, कोणती बाटली चालू होती, किती गेली होती, आधी खाज की आधी धाप, पहिल्यांदा आलं तेव्हा काय दिसलं होतं. मी सगळं वहीत लिहून ठेवलेलं होतं, वेळेसकट, म्हणून सांगता आलं. पाच मिनिटांत चित्र स्पष्ट झालं की पॅक्लिटॅक्सेलचं प्रकरण तेलाचं आणि केव्हाच मिटलेलं, खरी अ‍ॅलर्जी एकट्या कार्बोप्लॅटिनची. मग त्यांनी कातडीची टेस्ट करायला सांगितली. ही टेस्ट रिअ‍ॅक्शननंतर लगेच केली तर खोटी निगेटिव्ह येऊ शकते म्हणून काही आठवडे थांबतात, आणि एविल-सेट्रिझिनसारख्या गोळ्या काही दिवस आधी बंद ठेवाव्या लागतात. आत्याच्या हातावर औषधाच्या जागी गांधीलमाशी चावल्यासारखी गाठ उठली. आयजीई आहे, पक्कं.

आणि तरीही तिला कार्बोप्लॅटिन मिळालं! याला डिसेन्सिटायझेशन म्हणतात. बोस्टनच्या मारियाना कास्टेल्स आणि त्यांच्या टीमने बसवलेली पद्धत अशी की औषधाच्या तीन पिशव्या करायच्या, एक शंभरपट पातळ, एक दहापट पातळ, एक पूर्ण ताकदीची, आणि बारा पायऱ्यांत, दर पंधरा मिनिटांनी साधारण दुप्पट करत करत चढायचं, पाऊणे सहा तास लागतात. २००८ मध्ये त्यांनी ९८ पेशंटवर केलेल्या ४१३ वेळच्या अनुभवाचा लेख छापला, त्यातल्या ९४ टक्के वेळा एकतर काहीच झालं नाही किंवा किरकोळ झालं. आत काय होतं तर इतका कमी डोस मिळाल्यावर मास्ट सेलवरच्या रिसेप्टरना औषध चिकटतं खरं पण पेशी उघडण्याएवढी चेतत नाही, आतले सिग्नल दबलेले राहतात, आणि पायरी पायरीने पूर्ण डोस आला तरी पेशी बंदच राहते. हे टिकाऊ नाही हे मात्र नीट समजून घ्या. औषध शरीरातून गेलं की काही दिवसांत पेशी परत पूर्वीसारखी, म्हणून प्रत्येक सायकलला पुन्हा पहिल्या पायरीपासून सगळं करावं लागतं. "मागच्या वेळी चाललं ना, मग या वेळी सरळ द्या" असं म्हणायचं नाही. आणि हे जिथे आयसीयू हाताशी आहे, ज्यांनी आधी केलंय, अशाच ठिकाणी.

आता कोणी म्हणेल, म्हणजे पहिल्या डोसला आलं तर आयजीई नाही आणि उशिरा आलं तर आयजीई, सोपं आहे. पण सिटुक्सिमॅब या औषधाने हा नियमच मोडला. आपल्याकडे तंबाखू-मावा खाऊन तोंडाचे कॅन्सर किती आहेत ते काय सांगायचं, तोंड-घशाच्या आणि आतड्याच्या कॅन्सरमध्ये ही बाहेर बनवलेली अँटीबॉडी औषध म्हणून वापरतात. अमेरिकेत दिसलं की टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनात तब्बल २२ टक्के लोकांना पहिल्याच डोसला जबर रिअ‍ॅक्शन येते आणि देशाच्या बाकी भागांत अगदी थोड्यांना. २००८ मध्ये उलगडा झाला. हे औषध उंदराच्या पेशींत बनवतात आणि त्यावर अल्फा-गॅल नावाची साखर चिकटलेली असते, जी माणसात नसते पण गाय, बकरी, डुक्कर यांच्यात असते. त्या भागातल्या लोकांच्या अंगात अल्फा-गॅलविरुद्ध आयजीई औषध मिळायच्या आधीच तयार होती, आणि पुढे कळलं की ती तयार झाली गोचीड चावल्यामुळे! त्याच लोकांना मटण-बीफ खाल्ल्यावर काही तासांनी पित्त उठायचं. म्हणजे डोस पहिला, पण ओळख जुनी, भलत्याच वाटेने झालेली. मला या विषयातली ही सगळ्यात सुंदर उकल वाटते, डॉक्टरांनी "पेशंट राहतो कुठे" हा प्रश्न विचारला म्हणून हाती लागली.

रिटुक्सिमॅब या दुसऱ्या अँटीबॉडी-औषधाची तऱ्हा आणखी निराळी. तिथे पहिल्या डोसला हुडहुडी आणि ताप येतो, कारण औषध कॅन्सरच्या बी-पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) झपाट्याने मारतं आणि त्या मारामारीत सायटोकाइन, म्हणजे ताप आणणारी निरोप्या प्रथिनं, सुटतात. रक्तात कॅन्सरच्या पेशी जेवढ्या जास्त तेवढा त्रास जास्त, आणि दुसऱ्या डोसला पेशीच कमी उरलेल्या म्हणून त्रासही कमी. यात औषध बंद करायचं कारण सहसा नसतं, रेट कमी करून भागतं.

आणि एक तर रिअ‍ॅक्शनच नसते पण अगदी तशी वाटते. ऑक्झालिप्लॅटिन, हेही प्लॅटिनमचंच औषध, घेतल्यावर पेशंटने थंड पाणी प्यायलं तर घसा आवळल्यासारखा वाटतो, श्वास घेता येत नाहीये असं वाटून जीव घाबरा होतो. तो नसांवरचा परिणाम आहे, थंडीने चाळवणारा, ऑक्सिजन बरोबर असतो, पित्त नसतं. बडोद्याच्या मे महिन्यात केमो घेऊन बाहेर पडल्यावर गाडीवरचा बर्फगोळा किंवा फ्रिजचं पाणी डोळ्यांसमोर येणारच, पण काही दिवस कोमट पाणीच प्या. मात्र ऑक्झालिप्लॅटिनची खरी आयजीईवाली रिअ‍ॅक्शनही असते, त्यामुळे आपलं आपण ठरवू नका, सिस्टरला दाखवा.

लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये देतात ते अ‍ॅस्पॅराजिनेज, तिथे भीती उलटी आहे. ते बॅक्टेरियापासून बनवलेलं एन्झाइम असल्याने शरीर त्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं, आणि कधी कधी बाहेरून काहीही दिसत नाही, मूल हसतं-खेळतं, पण अँटीबॉडी औषधाला आतच निकामी करून टाकतात. रिअ‍ॅक्शन नाही म्हणून सगळे खूश आणि औषधाचं काम शून्य. म्हणून जमेल तिथे रक्तात त्या एन्झाइमचं काम मोजतात आणि गरज पडली तर दुसऱ्या बॅक्टेरियापासून बनवलेलं देतात.

रिअ‍ॅक्शन आली तर माणूस सावरल्यावर डॉक्टरांना ट्रिप्टेजबद्दल जरूर विचारा. हिस्टामिन रक्तातून काही मिनिटांत नाहीसं होतं पण ट्रिप्टेज काही तास राहतं, एक-दोन तासांत, फार तर चार तासांत रक्त घेतलं तर मास्ट सेल उघडल्या होत्या का याचा पुरावा मिळतो. नंतर सगळं शांत असताना एक नमुना परत घेऊन तुलना करतात. सगळीकडे ही टेस्ट होत नाही, पण विचारायला काय जातं.

वहीत मी काय लिहायचे तेही सांगते. कोणती बाटली, किती वाजता सुरू, किती वाजता पहिला त्रास, पहिलं लक्षण पेशंटच्या शब्दांत, किती औषध गेलं होतं, काय दिलं आणि किती वेळात बरं वाटलं. मोबाइलमध्ये बीपीच्या मॉनिटरचा फोटो काढला तरी उत्तम.

शेवटचं म्हणजे ब्लड प्रेशरच्या गोळ्या. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर केमोच्या डॉक्टरांना नाव वाचून दाखवा, कारण अ‍ॅड्रेनालिन ज्या रिसेप्टरवर काम करतं तेच या गोळ्यांनी झाकलेले असतात, मग वेळ आली तर ते नीट लागू पडत नाही आणि ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन हाताशी ठेवावं लागतं. आत्याची गोळी डिसेन्सिटायझेशनच्या आधी हृदयाच्या डॉक्टरांनी बदलून दिली, हळूहळू कमी करत. स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, त्याने ठोके वाढतात, छातीत दुखू शकतं.